उंदीर, उत्तेजक औषधं आणि उतावीळपणा: वर्तन-प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएस्सी झाल्यावर मी सांगलीहून इंग्लंडमधल्या एका वर्तन-प्रयोगशाळेत पीएचडीसाठी आले. पहिल्याच आठवड्यात दोन शोधनिबंध हातात पडले. एकात लिहिलं होतं की अँफेटामिन हे उत्तेजक औषध दिल्यावर उंदीर जास्त उतावीळ होतात. दुसऱ्यात लिहिलं होतं की अँफेटामिन दिल्यावर त्यांचा उतावीळपणा कमी होतो. दोन्ही निबंध नावाजलेल्या गटांचे होते. कुणीतरी एक चुकतंय अशी माझी समजूत झाली आणि कोण चुकतंय ते शोधण्यात मी कित्येक महिने घालवले. दोघंही बरोबर होते. त्यांनी उंदरांना वेगवेगळे प्रश्न विचारले होते, एवढाच फरक होता.

तुमचे ते महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही स्वतः प्रयोग करणार असाल किंवा फक्त असे निबंध वाचणार असाल, तरी क्रम हाच धरा. शब्दांचं एक आधीच सांगते. मराठीत रॅट आणि माऊस दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो. या लेखात उंदीर म्हणजे रॅट.

१. आधी ठरवा: कोणता उतावीळपणा?

‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ असं आपण म्हणतो तेव्हा एकाच प्रकारची घाई डोळ्यांसमोर असते. प्रयोगशाळेत निदान तीन प्रकार वेगळे धरावे लागतात.

पहिला, वाट न बघवणं. इशारा मिळायच्या आधीच हात पुढे जातो. दुसरा, सुरू झालेली कृती मध्येच थांबवता न येणं. पाय उचलला आणि तेवढ्यात सिग्नल लाल झाला, तर पाय मागे घेता येतो का? तिसरा, निवडीतला उतावीळपणा: आत्ता मिळणारं थोडं घ्यायचं की थांबून जास्त घ्यायचं.

हे तिन्ही एकाच स्वभावाची तीन रूपं असतील असं वाटतं, पण एकात उतावीळ निघालेला उंदीर दुसऱ्यात उतावीळ निघेलच याची खात्री नसते. मेंदूतले रस्तेही पूर्णपणे सारखे नाहीत. म्हणून ‘इम्पल्सिव्हिटी (म्हणजे उतावीळपणा) वाढली’ असं वाक्य कुठेही दिसलं की पहिला प्रश्न विचारा: उंदराला नेमकं काय करायला सांगितलं होतं?

२. चाचणी नीट समजून घ्या

यात सर्वांत जास्त वेळ घाला. सॉफ्टवेअर दोन दिवसांत येतं, चाचणी कळायला महिने जातात.

*पाच भोकांची चाचणी.* इंग्रजीत हिचं नाव लांबलचक आहे, प्रयोगशाळेत सगळे ‘फाइव्ह-चॉइस’ म्हणतात. केंब्रिजमध्ये ट्रेव्हर रॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८३ च्या सुमाराला उंदरांसाठी बसवली. माणसांचं लक्ष किती टिकतं हे मोजणाऱ्या जुन्या चाचणीवरून ती घेतलेली होती. पेटीची एक भिंत किंचित वक्र असते आणि तिच्यात पाच भोकं असतात. समोरच्या भिंतीत खाऊची वाटी असते. उंदीर वाटीत नाक घालतो आणि फेरी सुरू होते. मग पाच सेकंद थांबायचं. त्यानंतर पाचांपैकी एका भोकात अर्धा सेकंद दिवा लागतो. पुढच्या पाच सेकंदांत त्याच भोकात नाक घातलं तर ४५ मिलिग्रॅमचं पेलेट, म्हणजे खाऊची छोटी गोळी, मिळतं. चुकीच्या भोकात घातलं, किंवा काहीच केलं नाही, तर पाच सेकंद अंधार आणि खाऊ नाही. दिवा लागायच्या आधीच नाक घातलं, तरी तीच शिक्षा. हे शेवटचं म्हणजे ‘प्रिमॅच्युअर’. आपला उतावीळपणाचा आकडा तो. एका बैठकीत शंभर फेऱ्या किंवा अर्धा तास, जे आधी होईल ते.

पेटीजवळ बसून हे एकदा तरी डोळ्यांनी बघा. माझ्याकडचा १७ नंबरचा उंदीर फेरी सुरू झाली की वाटीपासून वळायचा, भोकांच्या भिंतीपर्यंत यायचा आणि मधल्या भोकासमोर मिशा हलवत उभा राहायचा. नाक भोकाच्या कडेला जवळजवळ टेकलेलं, पण आत नाही. पाच सेकंद काहीच नाहीत असं आपल्याला वाटतं, त्याच्यासाठी ते फार होते. अँफेटामिनच्या दिवशी तो तितक्याच नेमकेपणाने यायचा, तिथेच उभा राहायचा आणि तिसऱ्या सेकंदाला नाक आत जायचं. दिवा लागेपर्यंत थांबलाच, तर भोक मात्र बरोबर निवडायचा. लक्ष शाबूत आणि धीर सुटलेला, हे दृश्य एकदा बघितलं की आलेख वाचताना चूक होत नाही.

*स्टॉप-सिग्नल.* उंदीर एका कळीकडून (दाबायच्या लिव्हरकडून) दुसरीकडे धावायला शिकतो. काही फेऱ्यांत तो धावायला लागल्यावर एक आवाज होतो. आवाज आला की थांबायचं. थांबायला लागणारा वेळ थेट मोजता येत नाही, गणिताने काढावा लागतो. तो वेळ जितका कमी तितका लगाम चांगला.

*डिले डिस्काउंटिंग.* दोन कळी. एक दाबली की लगेच एक पेलेट. दुसरी दाबली की तीन-चार पेलेट, पण थांबून. थांबण्याचा वेळ बैठकीतच टप्प्याटप्प्याने बदलतो, उदाहरणार्थ ०, १०, २०, ४०, ६० सेकंद. ही पद्धत एव्हेन्डन आणि रायन यांनी १९९६ मध्ये मांडली. यात एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची आहे. लहान बक्षीस घेतलं म्हणून पुढची फेरी लवकर सुरू होता कामा नये. फेरीची एकूण लांबी दोन्हीकडे सारखी ठेवावी लागते. नाहीतर लहान बक्षीस पटापट घेणारा उंदीर उतावीळ नसून हिशेबी असतो: तेवढ्याच वेळात त्याला जास्त खाऊ मिळतो.

३. औषधांची ओळख

नावं खूप आहेत, सुरुवातीला तीन पुरतात.

डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही मेंदूतली निरोप पोचवणारी रसायनं. अँफेटामिन त्यांच्या चेतापेशींमध्ये शिरतं आणि आतला साठा बाहेर ढकलतं. मिथाइलफेनिडेट बाहेर पडलेलं डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन परत आत ओढून घेणारे पंप अडवतं. अटोमॉक्सेटिन मुख्यतः नॉरअ‍ॅड्रेनलिनचा पंप अडवतं. ते उत्तेजक नाही, पण तुलनेसाठी त्याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही.

हे औषध-प्रकरण मुलांपासून सुरू झालं. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या ३० मुलांना बेन्झेड्रिन, म्हणजे अँफेटामिन, दिलं. १४ मुलांच्या अभ्यासात ठळक सुधारणा दिसली. उत्तेजक औषधाने मुलं शांत कशी होतात, हा प्रश्न तेव्हापासून लोकांना छळतो आहे. उंदरांच्या पेट्या बऱ्याच अंशी त्याच प्रश्नापायी उभ्या राहिल्या.

आता मुख्य गोष्ट. तीन चाचण्यांत काय दिसतं?

पाच भोकांच्या चाचणीत अँफेटामिनने प्रिमॅच्युअर वाढतात. अचूकता मात्र मध्यम डोसपर्यंत फारशी ढळत नाही. कोल आणि रॉबिन्स यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी दाखवलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या न्यूक्लियस अकम्बन्स या भागातलं डोपामिन काढून टाकलं, तर अँफेटामिनने येणारी ही घाई ओसरते. मिथाइलफेनिडेटनेही जास्त डोसला प्रिमॅच्युअर वाढतात. अटोमॉक्सेटिन उलट वागतं, त्याने प्रिमॅच्युअर कमी होतात.

स्टॉप-सिग्नलमध्ये चित्र पालटतं. ज्या उंदरांना थांबायला मुळात जास्त वेळ लागतो, त्यांचा तो वेळ मिथाइलफेनिडेटने कमी होतो. म्हणजे वाट बघणं बिघडवणारं औषध थांबणं सुधारतं.

डिले डिस्काउंटिंगमध्ये तर प्रयोगाच्या बारीकसारीक मांडणीवर उत्तर बदलतं. कार्डिनल, रॉबिन्स आणि एव्हरिट यांनी २००० मध्ये एक साधी गोष्ट करून पाहिली. थांबण्याच्या काळात दिवा लावून ठेवला, म्हणजे ‘खाऊ येतोय’ अशी खूण राहिली, तर अँफेटामिनने उंदीर मोठ्या बक्षिसासाठी जास्त थांबले. दिवा नसेल तर कमी थांबले. माझ्या पहिल्या आठवड्यातल्या दोन निबंधांचं भांडण इथे मिटलं.

४. कागदपत्रं आणि साहित्य

परवानगीशिवाय उंदराला हातही लावू नका. इंग्लंडमध्ये १९८६ च्या प्राणी-प्रयोग कायद्याखाली तीन परवाने लागतात: संस्थेचा, प्रकल्पाचा आणि तुमचा वैयक्तिक. वैयक्तिक परवान्यासाठी अभ्यासक्रम आणि परीक्षा असते. आल्या आल्या त्याला नाव घाला, कारण तो हातात येईपर्यंत तुम्ही फक्त बघू शकता. अँफेटामिन, मिथाइलफेनिडेट आणि कोकेन इथे नियंत्रित औषधं आहेत. कुलूपबंद कपाट आणि मिलिग्रॅमपर्यंतची नोंदवही लागते.

पुण्यात, मुंबईत किंवा भारतात कुठेही काम करणार असाल तर संस्थेच्या प्राणी नीती समितीकडे, म्हणजे आयएईसीकडे, फॉर्म बी भरावा लागतो. तिच्यावर केंद्राची सीसीएसईए ही समिती असते. जुन्या कागदांवर तिचं नाव सीपीसीएसईए असं दिसेल. औषधांसाठी १९८५ चा एनडीपीएस कायदा लागू होतो. औषधाच्या परवानगीचं काम प्राण्यांच्या परवानगीबरोबरच सुरू करा. एक आल्यावर दुसरं बघू असं म्हणाल तर शिकवलेले उंदीर म्हातारे होतात.

रोज हाताशी लागणाऱ्या गोष्टी:

- परवान्यांच्या प्रती आणि प्रकल्पात मंजूर असलेले डोस, एका पानावर
- नियंत्रित औषधांची नोंदवही
- रोजच्या वजनांचा तक्ता
- प्रत्येक उंदराची शिकवणीची नोंद: कोणत्या दिवशी कोणत्या पायरीवर
- प्रत्येक पेटीची वही: दिवे, सेन्सर, पेलेट देणारं यंत्र कधी तपासलं, काय बिघडलं
- डोसचा क्रम ठरवणारा तक्ता आणि बाटल्यांवरचे सांकेतिक क्रमांक, जे तुमच्याकडे नको, सहकाऱ्याकडे हवेत
- चांगला तराजू, सलाइन, ताज्या सुया, ७० टक्के अल्कोहोल

५. शिकवणी: घाई इथे करू नका

उंदरांना भूक असल्याशिवाय ते खेळत नाहीत. म्हणून त्यांचं खाणं मोजून दिलं जातं आणि वजन पोटभर खाणाऱ्याच्या ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. रोज वजन करा. रोज म्हणजे रविवारीही. तरुण उंदीर वाढत असतो, त्यामुळे महिन्यापूर्वीच्या वजनाचे ८५ टक्के धरून चाललात तर त्याची उपासमार होते. वाढीचा आलेख समोर ठेवून हिशेब करा.

आधी हात लावायची सवय. मग वाटीत खाऊ असतो हे कळणं. मग एखाद्या भोकात दिवा तब्बल तीस सेकंद लावून ठेवायचा आणि वाट फक्त दोन सेकंदांची. जमलं की दिव्याचा वेळ पायरीपायरीने कमी करत अर्ध्या सेकंदावर आणायचा आणि वाट पाच सेकंदांवर न्यायची. ८० टक्क्यांच्या वर अचूकता आणि २० टक्क्यांच्या आत चुकवलेल्या फेऱ्या, सलग काही दिवस, हा पक्का झाल्याचा सर्वसाधारण निकष. याला कित्येक आठवडे लागतात. पुढे जायची हुरहुर लागते हे मला माहीत आहे. पण कच्च्या उंदराला औषध दिलं तर शिकणं आणि औषध यांची सरमिसळ होते आणि ती नंतर कुठल्याही सांख्यिकीने सुटत नाही.

रोज तीच वेळ, तीच पेटी, शक्यतो तोच माणूस. उंदीर निशाचर, म्हणून बहुतेक ठिकाणी दिवस-रात्र उलटी केलेली असते आणि आपण लाल दिव्यात काम करतो. अत्तर लावून जाऊ नका.

६. डोस मोजणं: इथे माझी चूक झाली

अँफेटामिन बाटलीत सल्फेट मीठ (रसायनशास्त्रातला क्षार) म्हणून येतं. १ मिलिग्रॅम अँफेटामिन सल्फेटमध्ये शुद्ध अँफेटामिन साधारण ०.७३ मिलिग्रॅम असतं, बाकीचं वजन मिठाचं. मिथाइलफेनिडेट हायड्रोक्लोराइडमध्ये हेच प्रमाण ०.८६ च्या आसपास. निबंधात ‘०.५ मिलिग्रॅम प्रति किलो’ असं लिहिलेलं असतं तेव्हा ते मिठाचं वजन आहे की शुद्ध औषधाचं, हे पद्धतीच्या परिच्छेदात शोधा. मी शोधलं नव्हतं. शुद्ध औषधाचा म्हणून दिलेला डोस मी मिठाचा समजून तोलला आणि माझ्या उंदरांना पाव हिश्शाने कमी औषध मिळालं. त्या संपूर्ण प्रयोगाचे आकडे तुलनेसाठी निकामी झाले. वही उघडून मार्गदर्शकांना चूक सांगितली तो दिवस अजून आठवतो. तुमच्याकडूनही चूक झाली तर त्याच दिवशी सांगा. उशिरा सांगितलेल्या चुकीची किंमत उंदीर मोजतात, कारण प्रयोग पुन्हा करायचा म्हणजे नवे प्राणी आणायचे.

हिशेब सोपा ठेवायचा असेल तर प्रति किलो १ मिलिलिटर असं प्रमाण धरा. ०.५ मिलिग्रॅम प्रति किलो द्यायचं असेल तर द्रावण ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. ३२० ग्रॅमच्या उंदराला ०.३२ मिलिलिटर. वजन त्याच दिवशी सकाळचं.

फाइव्ह-चॉइसमध्ये अँफेटामिनचे डोस सहसा ०.२ ते १ मिलिग्रॅम प्रति किलोच्या टप्प्यात दिसतात. त्याच्या बऱ्याच वर गेलात तर उंदीर एकाच जागी हुंगत राहतो, डोकं वरखाली करत राहतो आणि चाचणी सोडून देतो. त्या अवस्थेतून उतावीळपणाबद्दल काहीच कळत नाही. कमी डोसचं वेगळं महत्त्व आहे. विस्कॉन्सिनमधल्या बेरिज यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की मिथाइलफेनिडेटच्या कमी डोसने डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन मुख्यतः प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागात, वाढतं, मेंदूच्या बाकी भागांत त्या मानाने थोडंच. माणसांना उपचारासाठी देतात तो डोस या टप्प्याच्या जवळचा. जास्त डोसला घाई करणारं आणि कमी डोसला नीट काम करू देणारं औषध एकच असू शकतं ते यामुळे.

प्रत्येक उंदराला प्रत्येक डोस मिळेल, पण क्रम प्रत्येकाचा वेगळा असेल, असा लॅटिन चौकोन आखा. सलाइन, म्हणजे औषध नसलेलं नुसतं मिठाचं पाणी, हाही त्यातला एक ‘डोस’. तीन दिवसांचं चक्र बरं पडतं: एक दिवस नुसता सराव, दुसऱ्या दिवशी औषध, तिसऱ्या दिवशी पेटीला सुट्टी. औषध सुरू करण्याआधी दोन-तीनदा नुसतं सलाइन टोचून बघा. सुईच्या भीतीनेच पहिल्या दिवशी आकडे हलतात.

७. आकडे वाचताना

हिशेबाची एक चूक नवखा माणूस हमखास करतो. शंभर फेऱ्यांत ६८ बरोबर, १२ चूक, २० चुकवलेल्या. अचूकता किती? ६८ टक्के नव्हे. अचूकता म्हणजे बरोबर भागिले बरोबर अधिक चूक, म्हणजे ८० पैकी ६८, ८५ टक्के. चुकवलेल्या फेऱ्यांचा रकाना वेगळा. प्रिमॅच्युअर या शंभरात धरले आहेत की बाहेर, हे तुमच्या प्रोग्रॅमनुसार बदलतं. ते विचारून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

एकच रकाना कधीही एकटा वाचू नका. चुकवलेल्या फेऱ्या वाढल्या म्हणजे लक्ष उडालं असं नव्हे. शेजारी बघा: बरोबर उत्तरानंतर उंदीर खाऊ उचलायला किती वेळ लावतो? तोही वेळ वाढला असेल तर भूक मेली आहे किंवा हालचाल मंदावली आहे. अँफेटामिनने भूक मरते हे विसरू नका. खाऊ झटपट उचलतोय आणि तरी फेऱ्या चुकताहेत, अचूकताही खाली आली आहे, तर मग लक्षाबद्दल बोला.

डिले डिस्काउंटिंगमध्ये सगळ्यांत आधी शून्य सेकंदांचा ठिपका बघा. थांबावं लागत नसताना उंदराने जवळजवळ प्रत्येक वेळी मोठं बक्षीस घ्यायला हवं. औषधाने तिथेच घसरण झाली असेल तर उतावीळपणाचा प्रश्नच येत नाही. त्याला मोठं-लहान कळत नसेल, किंवा तो एकाच कळीला चिकटून बसला असेल. चिकटण्याचा हा मुद्दा किरकोळ नाही. २०१४ मध्ये टॅन्नो आणि सहकाऱ्यांनी थांबण्याच्या वेळांचा क्रम बदलून पाहिला. वेळ वाढत नेला तेव्हा अँफेटामिनने मोठ्या, उशिराच्या बक्षिसाची निवड वाढली. वेळ कमी करत नेला तेव्हा ती घटली. म्हणजे औषधाखालचा उंदीर बैठकीच्या सुरुवातीला जे करत होता तेच करत राहिला, असं मानायला जागा आहे. तुमचा प्रयोग एकाच क्रमाने झाला असेल तर निष्कर्ष लिहिताना हात आखडता घ्या.

८. मूळ पातळी आणि तिचा सापळा

पीटर ड्यूज यांनी १९५८ मध्ये कबुतरांवर मेथअँफेटामिनचे प्रयोग केले. त्यांतून पुढे एक नियम रूढ झाला: जे वर्तन मुळात संथ असतं ते उत्तेजकाने वाढतं, जे मुळात जोरात असतं ते कमी होतं. उतावीळपणातही असंच काहीसं दिसतं. म्हणून उंदरांचे मूळचे उतावीळ आणि मूळचे शांत असे गट करून औषध पाहतात. केंब्रिजमध्ये वाट बघण्याचा वेळ पाचाऐवजी सात सेकंद करून अशी निवड करतात. २००७ मध्ये डॅली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा उतावीळ उंदरांच्या मेंदूच्या एका भागात डोपामिनचे डी२ आणि डी३ ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशीवर डोपामिन जिथे चिकटतं त्या जागा) कोकेन द्यायच्या आधीपासूनच कमी आढळतात. पुढे कोकेन मिळालं की ते जास्त घेत जातात.

सापळा असा. एखाद्या दिवशी सर्वांत जास्त घाई केलेले उंदीर निवडलेत, तर दुसऱ्या दिवशी ते औषधाविनाही थोडे शांतच दिसतील. त्या दिवशीचं त्यांचं टोकाचं वागणं काही अंशी योगायोगाचं होतं. शांत गटही तसाच वर सरकतो. यालाच औषधाचा परिणाम म्हणून खपवलेलं मी पाहिलं आहे. उपाय: गट ठरवायचे आकडे एका वेळचे, सलाइनचे आकडे वेगळ्या वेळचे, आणि औषधाची तुलना फक्त सलाइनशी.

९. पेटीवर संशय घ्या

तिसऱ्या महिन्यात माझ्या तीन उंदरांची अचूकता औषधाच्या दिवशी घसरली. मी आनंदाने आलेख काढला. आमच्याकडे प्राण्यांची देखभाल करणाऱ्या एक ज्येष्ठ बाई होत्या. त्यांनी कागद हातात घेतला आणि विचारलं, “हे तिघं एकाच पेटीतले ना? भोकानुसार आकडे काढ बघू.” काढले. सगळ्या चुका चौथ्या भोकात होत्या, आणि सलाइनच्या दिवशीही होत्या. त्या भोकातला दिवा मंद झाला होता. माझ्या डोळ्यांना तो लागलेला दिसत होता, उंदरांना अर्ध्या सेकंदात दिसत नव्हता.

त्या दिवसापासून रोज पहिली बैठक सुरू करण्याआधी मी पाचही दिवे लावून बघते, प्रत्येक भोकात पेन घालून सेन्सर तपासते, पेलेट खरंच वाटीत पडतं का ते बघते. दर पेटीला दहा मिनिटं जातात.

१०. निष्कर्ष लिहिताना

‘औषधाने उतावीळपणा वाढला’ असं लिहू नका. असं लिहा: ‘१ मिलिग्रॅम प्रति किलो अँफेटामिनने, पाच सेकंदांच्या वाटेत, प्रिमॅच्युअर वाढले. अचूकता आणि खाऊ उचलण्याचा वेळ बदलला नाही.’ लांब वाटेल, पण वाचणाऱ्याला दुसऱ्या प्रयोगाशी ताडून बघता येईल. उंदीर नर होते की मादी, जात कोणती, किती वगळले आणि का, हेही लिहा. प्राण्यांवरच्या प्रयोगांचं लेखन कसं असावं यासाठी अराइव्ह ही मार्गदर्शक सूची आहे, २०२० मध्ये सुधारलेली. प्रयोग आखतानाच ती समोर ठेवा, लिहायला बसल्यावर नव्हे.

कामाबद्दल घरी बोलतानाही हीच काळजी घ्या. गेल्या दिवाळीत मामींचा फोन आला. त्यांच्या नातवाला डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट सुरू केलं होतं. “अगं, तू उंदरांना हेच देतेस ना? आणि ते उतावीळ होतात म्हणालीस. मग आपण हे बंदच करूया का?”

मागच्या भेटीत मीच जेवता जेवता ते अर्धवट वाक्य बोलले होते. मी म्हटलं, “मामी, बंद करू नका. माझ्या उंदरांना आजार नाही, डोस वेगळा, सुईने दिलेला, आणि मी त्यांना पाच सेकंद थांबायला लावते तेवढीच एक गोष्ट मोजते. शंका असेल ती डॉक्टरांनाच विचारा, आणि विचारताना त्याची भूक आणि झोप कशी आहे तेही सांगा.”

त्यांनी कागद-पेन घेतलं आणि भूक, झोप असं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “आणि शाळेतलं?”

“तेही लिहा. त्याच्या बाईंना विचारून, आधी कसा होता आणि आता कसा आहे, दोन्ही.”